मुंबईच्या दमट हवेत डाय-कास्ट सुपरहिरो फिगर जमवताना

धातूची पहिली सुपरहिरो फिगर विकत घेण्यापूर्वी एक छोटा आर्द्रतामापक घ्यावा आणि फिगर ज्या कपाटात ठेवायची त्या कपाटात तो आठवडाभर ठेवून पाहावा, असे मी नव्या संग्राहकाला नेहमी सांगतो. मुंबईत पावसाळ्यात हवेतील आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते, समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर क्षारही येतात, आणि डाय-कास्ट फिगर ज्या जस्ताच्या मिश्रधातूची बनते त्याला या दोन्ही गोष्टी मानवत नाहीत. कोणती फिगर घ्यावी, ती कुठे मिळते, तिचा भाव काय, हे सगळेच विचारतात. ती पुढची वीस वर्षे कशा हवेत राहणार आहे, हा प्रश्न मात्र सहसा पहिला डाग दिसल्यावरच सुचतो.

मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने मला बोटभर उंचीची, धातूची बॅटमॅनची फिगर आणून दिली होती. रोज हाताळली जात होती तोवर ती धडधाकट राहिली. पुढे मी कॉलेजात गेल्यावर आईने ती जपून राहावी म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात घातली आणि ते खोके पोटमाळ्यावर गेले. काही पावसाळ्यांनंतर ते उघडले तेव्हा पायांवरचा रंग फुगून सुटला होता आणि कागदावर पांढरी पूड साचली होती. दमट कागद, पुठ्ठा आणि पत्र्याखालचा तापलेला माळा ही धातूसाठी घरातली सर्वांत वाईट जागा होती, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

धातू ओळखावा कसा

डाय-कास्ट म्हणजे वितळलेला धातू पोलादी साच्यात दाबाने भरून केलेले ओतकाम. खेळण्यांसाठी बहुधा 'झमॅक' या गटातले मिश्रधातू वापरतात. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे यांच्या जर्मन नावांची आद्याक्षरे जोडून हे नाव झाले. त्यात मुख्य भाग जस्ताचा आणि सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम असते. हा मिश्रधातू ४०० अंश सेल्सिअसच्याही आत वितळतो, त्यामुळे साचा फार झिजत नाही आणि चेहऱ्यावरच्या बारीक रेषा, छातीवरचे चिन्ह, पट्ट्यावरचे कप्पे असा तपशील स्वच्छ उठतो. हातात घेतल्यावर जाणवणारे वजन हा या छंदाचा मोठा आनंद आहे, आणि ते वजन कशामुळे येते हे ज्याला ठाऊक असते तो सहसा फसत नाही.

फसवणूक बहुतेक वेळा शब्दांतून होते. जाहिरातीत 'मेटॅलिक' असे लिहिलेले असेल तर ते रंगाचे वर्णन असते, धातूचे नव्हे. 'डाय-कास्ट पार्ट्स' असे लिहिलेले असेल तर काही भागच धातूचे आणि उरलेले प्लास्टिकचे असतात. मला एकदा एका विक्रेत्याने चांदीसारख्या रंगाची, पोटात लोखंडी वजन घातलेली प्लास्टिकची फिगर धातूची म्हणून पाठवली होती. वजन ठीक होते, म्हणून मी दोन दिवस समाधानात होतो. मग चुंबक लावून पाहिला आणि तो पोटाला चिकटला. जस्ताचा मिश्रधातू चुंबकाला चिकटत नाही. स्क्रू किंवा सांध्यातली पिन पोलादी असेल तर तेवढ्याच जागी ओढ लागते. त्यामुळे खिशात एक लहान चुंबक असावा. शिवाय धातू स्पर्शाला गार लागतो, आणि नखाने टिचकी मारली तर प्लास्टिकसारखा बसका आवाज येत नाही. तळपायाखाली किंवा पाठीवर लहान गोल ठसे दिसले तर तेही पाहून ठेवावेत. साच्यातून वस्तू बाहेर ढकलणाऱ्या पिनांच्या त्या खुणा असतात. अशा खुणा साच्यातल्या प्लास्टिकवरही उमटतात, म्हणून तेवढ्यावरून निर्णय करू नये.

खात्रीची परीक्षा पाण्याची आहे, परंतु ती फक्त भरीव, न हलणाऱ्या, कापडी किंवा कागदी भाग नसलेल्या फिगरवरच करावी. तळाची चकती प्लास्टिकची असेल तर आधी काढून ठेवावी. फिगर कोरडी असताना साध्या डिजिटल वजनकाट्यावर तोलून वजन लिहून घ्यावे. मग पाण्याची वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि फिगर दोऱ्याने बांधून, वाटीच्या तळाला किंवा कडेला न लावता, पूर्ण बुडेल अशी धरावी. आता काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घन सेंटिमीटर त्या फिगरचे आकारमान. समजा कोरडे वजन १४० ग्रॅम होते आणि पाण्यात धरल्यावर काट्याने २१ दाखवले, तर भागाकार सुमारे ६.७ येतो आणि तो झमॅकशी जुळतो. एबीएस प्लास्टिकची घनता १ पेक्षा किंचितच जास्त असते. शिशाची ११ च्या पुढे जाते, आणि आकडा ८-९ च्या वर गेला तर मिश्रणात शिसे आहे असे धरून चालावे. परीक्षेनंतर फिगर लगेच पुसून पंख्याखाली पूर्ण कोरडी करावी.

काय जमवावे

धातूचे सुपरहिरो आजचे नाहीत. अमेरिकेतल्या मेगो कंपनीने १९७९ मध्ये सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडर-मॅन आणि हल्क यांच्या साडेपाच इंची डाय-कास्ट फिगर काढल्या होत्या. टॉय बिझ कंपनीने १९९४ मध्ये एक्स-मेन मालिकेतील पात्रांच्या लहान धातूच्या जोड्या 'स्टील म्यूटंट्स' या नावाने विकल्या. नावात पोलाद असले तरी ते डाय-कास्ट ओतकामच होते. जपानची वाट वेगळी होती. तिथे बांदाईच्या पॉपी या उपकंपनीने १९७४ मध्ये माझिंगर झेड या यंत्रमानवाची धातूची फिगर काढली आणि तिला 'चोगोकिन' म्हटले. या शब्दाचा अर्थ 'महामिश्रधातू' असा होतो आणि मूळ कथेत यंत्रमानवाचे शरीर ज्या काल्पनिक धातूचे असते त्याचेच ते नाव आहे. १९७८ च्या जपानी दूरचित्रवाणी मालिकेत स्पायडर-मॅनला लिओपार्डन नावाचा महाकाय यंत्रमानव दिला गेला आणि त्याचीही चोगोकिन फिगर निघाली, त्यामुळे हे दोन प्रवाह तिथे एकत्र आलेले दिसतात. बांदाईने १९९७ पासून 'सोल ऑफ चोगोकिन' या नावाने हाच वारसा प्रौढ संग्राहकांसाठी पुढे नेला.

आज सुरुवात करणाऱ्याने जाडा टॉइज या कंपनीच्या धातूच्या फिगरांपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या अडीच, चार आणि सहा इंच अशा मापांत निघाल्या, आणि 'नॅनो' मालिकेतल्या तर जेमतेम ४ सेंटिमीटरच्या असून वीस-वीसच्या संचातही मिळत आल्या आहेत. त्यांचे हातपाय हलत नाहीत, म्हणून काहीजण त्यांना ॲक्शन फिगर मानत नाहीत. मला तो आक्षेप महत्त्वाचा वाटत नाही, कारण सांधे नसल्यामुळे धातूचे प्रमाण जास्त राहते, झिजणारे भाग कमी होतात आणि एका खोलीच्या घरातही पुरे दालन एका फळीवर मावते. मुंबईत जागा हा लहान मुद्दा नाही.

सांध्यांसह धातू हवा असेल तर खर्च एकदम वाढतो. हाँगकाँगच्या हॉट टॉइज या कंपनीच्या एक-षष्ठांश प्रमाणातील, म्हणजे साधारण फूटभर उंचीच्या फिगरांमध्ये डाय-कास्ट भाग असलेल्यांच्या क्रमांकात 'डी' हे अक्षर असते. ते पाहूनच धातूची आवृत्ती ओळखावी, कारण त्याच पात्राची निव्वळ प्लास्टिकची आवृत्तीही असू शकते. थ्रीझिरो कंपनीची 'डीएलएक्स' मालिका एक-द्वादशांश प्रमाणात असून तिच्या आतला सांगाडा धातूचा असतो. या वर्गात आयर्न मॅनच्या चिलखतांचे प्रमाण फार मोठे आहे आणि त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे: ज्याचे अंगच धातूचे आहे तो धातूत शोभतो. केप आणि कापडी पोशाख असलेल्या नायकांना धातू तितका मानवत नाही.

इगलमॉस या प्रकाशनाने २००५ पासून काढलेल्या मार्व्हलच्या लहान मूर्ती जुन्या बाजारात भेटतात. त्या सुंदर रंगवलेल्या असतात, पण त्या शिशाच्या आहेत. लहान मूल असलेल्या घरात त्या उघड्या ठेवू नयेत आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. सगळे काही जमवण्याचा संकल्प करू नये. एक पात्र, एक माप किंवा एक कालखंड ठरवून घ्यावा. माझ्याकडे फक्त बॅटमॅन आहे आणि तोही चार इंचांपर्यंतचाच, तरीही तीस वर्षांत माझी फळी एका पात्रावर कधी रिकामी वाटली नाही.

मुंबईत शोध

जुन्या फिगरसाठी चोरबाजारातील मटन स्ट्रीट आणि तिच्या आसपास शुक्रवारी सकाळी भरणारा रस्त्यावरचा बाजार पाहावा. पहाटेच जावे, कारण चांगला माल उजाडता उजाडता व्यापारीच उचलतात. तिथे फिगर सहसा एकटी नसते. मोडक्या मोटारी, घड्याळांचे पट्टे आणि पितळी कड्या यांच्या ढिगात ती असते. ती एकटी उचलून भाव विचारला तर भाव चढतो, म्हणून दोन-तीन वस्तू बाजूला काढून एकत्र बोलणी करावी. पावसाळ्यात ताडपत्रीखालचा माल ओला असतो, तेव्हा रंगाखाली फुगवटा नाही ना हे बोट फिरवून पाहावे. नव्या मालासाठी क्रॉफर्ड मार्केटचा खेळण्यांचा बाजार पाहावा; तिथे घाऊक दुकाने बरीच आहेत, परंतु नकलाही आहेत. अस्सल फिगरच्या तळव्यावर किंवा पाठीवर हक्कधारक कंपनीचे नाव आणि वर्ष कोरलेले असते. नकलेत ही अक्षरे बुजलेली किंवा गायब असतात आणि डोळ्यांचा रंग खोबणीबाहेर गेलेला असतो. मुंबई कॉमिक कॉनमध्ये वस्तू हातात घेऊन पाहता येते आणि दुसऱ्या संग्राहकांशी अदलाबदलही जमते.

परदेशातून मागवताना आयातशुल्क आधी मोजावे. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. वैयक्तिक वापरासाठी टपालाने आलेल्या वस्तूंना वेगळ्या शीर्षकाखाली, म्हणजे सीमाशुल्काच्या यादीतल्या वेगळ्या वर्गाखाली दर लागतो, म्हणून कुरिअर कंपनी कोणते शीर्षक लावणार हे मागवण्याआधीच लेखी विचारून घ्यावे. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. दुकानातून मुलासाठी घेत असाल तर ते खोक्यावर पाहावे.

कपाट

आर्द्रतामापक आणल्यावर आधी तोच तपासावा. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन त्यात थेंब-थेंब पाणी घालावे. मीठ विरघळू नये, फक्त ओल्या वाळूसारखे व्हावे. हे झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवावे. सकाळी मापकाने ७५ टक्के दाखवायला हवेत, कारण मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा त्याच आकड्यावर स्थिरावते. मापक ७० दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक आकड्यात ५ मिळवून वाचावे.

कपाटात आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत ठेवणे हे उद्दिष्ट असावे. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या फळीवर हे शक्य नाही, म्हणून काच आणि धातूचे, दाराला रबरी पट्टी असलेले छोटे कपाट किंवा घट्ट झाकणाचे पॉलिप्रॉपिलीनचे डबे वापरावेत. लाकडी कपाट दिसायला चांगले, पण लाकूड, प्लायवूड आणि एमडीएफ यांतून आम्लांच्या वाफा सुटतात आणि बंद जागेत त्या जस्ताला व शिशाला खातात. हलका पुठ्ठा तेच करतो. पीव्हीसीच्या पिशव्या आणि जुनी पारदर्शक वेष्टने कालांतराने चिकट होतात आणि त्यांतून सुटणारे क्लोरिनयुक्त पदार्थ धातूला अपायकारक असतात. मूळ खोके ठेवायचेच असेल तर ते फिगरपासून वेगळे, सपाट करून ठेवावे. कसर लागते म्हणून अधूनमधून उघडून पाहावे.

ओल शोषण्यासाठी सिलिका जेल घ्यावे. प्रिन्सेस स्ट्रीटच्या परिसरात रसायनांच्या दुकानांतून ते किलोवर मिळते. रंग बदलणाऱ्या दाण्यांपैकी निळ्यात कोबाल्ट असते, म्हणून घरात नारिंगी दाणे वापरणे बरे. दाण्यांचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन तास तापवावेत; मग ते पुन्हा कामाला येतात. मे महिन्यात घरोघरी पावसाळ्याची बेगमी होते तेव्हाच हे काम उरकावे. एकदा पाऊस लागला की कपाट विनाकारण उघडू नये. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, विशेषतः ज्या भिंतीवर दरवर्षी ओल येते तिला तर नाहीच, आणि देवघराजवळही ठेवू नये, कारण उदबत्ती आणि निरांजनाची काजळी रंगावर चिकट थर धरते.

ज्या फिगरमध्ये दिवे आहेत तिच्यातले बटन सेल ठेवण्यापूर्वी काढावेत. गळलेला सेल जस्ताला फार लवकर कुरतडतो आणि आतली खोबण एकदा खाल्ली गेली की दुरुस्ती नाही.

हाताळणी आणि सफाई

घामात मीठ असते, म्हणून फिगर सुती हातमोज्यांनी किंवा धुतलेल्या कोरड्या हातांनी, पायाच्या बाजूने धरून उचलावी. धूळ मऊ मेकअप ब्रशने झाडावी. डाग असेल तर स्वच्छ पाण्यात किंचित ओलावलेले मायक्रोफायबरचे फडके फिरवून लगेच कोरड्या फडक्याने टिपावे. नेलपॉलिश काढण्याचे द्रव कधीही लावू नये, त्यातले ॲसिटोन रंगही काढून नेते. पितळ उजळण्याची पेस्ट, चिंच, लिंबू हे घरचे उपाय पितळेच्या समईला चालतात. जस्तावर आणि रंगावर चालत नाहीत.

धातूच्या सांध्यांवर प्लास्टिकपेक्षा कितीतरी जास्त भार येतो. एका पायावर उडी घेतल्याच्या आविर्भावात फिगर महिनोन्महिने ठेवली तर घोटा सैल होतो, म्हणून तशी मांडणी करायची असेल तर कमरेला आधार देणारा स्टँड वापरावा. सांधा अडकला तर जोर लावू नये. जस्ताचा मिश्रधातू कणखर वाटला तरी बारीक भागी तो वाकत नाही, तुटतो.

प्रत्येक फिगरची नोंदवहीत नोंद असावी: कधी, कुठून, किती रुपयांना घेतली, वजन किती ग्रॅम आणि व्हर्नियरने, म्हणजे मिलिमीटरचे अंश मोजणाऱ्या सरकत्या पट्टीने मोजलेली उंची किती. उंची लिहून ठेवण्याचे कारण पुढे येते.

घटस्थापनेपूर्वी घर धुऊन-पुसून निघते तेव्हा संग्रहाचीही वार्षिक तपासणी करावी. भिंगाखाली दोन वेगळ्या गोष्टी शोधायच्या असतात. एक म्हणजे पृष्ठभागावरची पांढरी पूड. ती ओलीमुळे आलेल्या जस्ताच्या गंजाची पूड असते. मऊ ब्रशने काढून, फिगर कोरडी करून, नव्या सिलिका जेलसह ठेवली की ती सहसा पुढे जात नाही. दुसरी गोष्ट गंभीर आहे. ओतकामाच्या वेळी जस्तात शिशाचा अंश मिसळला असेल तर धातूच्या कणांमधल्या सीमा आतून गंजत जातात, फिगर किंचित फुगते, कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात आणि शेवटी भाग आपोआप सुटून येतात. इंग्रजीत याला 'झिंक पेस्ट', म्हणजे जस्ताची कीड म्हणतात. जुन्या खेळण्यांत आणि शुद्ध जस्त न वापरणाऱ्या स्वस्त नकलांत हिचा धोका जास्त. उष्णता आणि ओल यांनी ती वेग घेते. डोळ्यांना भेग दिसण्याआधी व्हर्नियरवर उंची वाढलेली दिसू शकते, म्हणून ती नोंद.

या विकारावर इलाज नाही. रंग, गोंद किंवा लाखेचा थर देऊन तो थांबत नाही. नाव कीड असले तरी ती शेजारच्या फिगरला लागत नाही, त्यामुळे घाबरून संग्रह रिकामा करण्याचे कारण नाही. भेगा दिसलेली फिगर सर्व बाजूंनी छायाचित्रित करावी, सुटलेले तुकडे त्याच डब्यात ठेवावेत, डब्यावर तारीख घालावी आणि आतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. विकायची असेल तर भेगांची छायाचित्रे घेणाऱ्याला आधी दाखवावीत. मामाने दिलेल्या बॅटमॅनच्या डाव्या पोटरीवर अशी एक भेग आहे. २०११ मध्ये मी ती पहिल्यांदा मोजली तेव्हा ती ४ मिलिमीटर होती, आणि तो नारिंगी दाण्यांच्या डब्यात गेल्यापासून आजवरच्या प्रत्येक दसऱ्याला ती तेवढीच भरली आहे.